पाण्यालाच विचारा



पुण्याच्या या बाजूला, हिंजवडीकडे, ज्यांनी नवं घर घेतलं, त्यांच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग बहुधा होऊन गेलेला असतो. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा तरुण येतो. ओट्यावर काचेचे दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचं किंवा टँकरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. त्याच्याजवळ एक छोटी डबी असते, तिला खाली चार सळया. दोन सळया या ग्लासात, दोन त्या ग्लासात. पिन सॉकेटमध्ये जाते, आणि मिनिटभरात तुमच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ तरंगायला लागतो. त्याचं पाणी जसंच्या तसं. घरातली आजी तोंडावर पदर धरते. इतके दिवस आपण हे पीत होतो? यंत्राची विक्री तिथंच झालेली असते.

तो गाळ पाण्यातला नसतो. तो सळईचा असतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून तिथली सळई शाबूत राहते. पाणी तपासायला आत घातलेल्या वस्तूनंच पाणी घाण केलं, आणि दोष पाण्यावर गेला.

मी चाळीस वर्षं नळ्यांमधल्या द्रवांची विद्युतवाहकता मोजण्यात घालवली. त्या सगळ्या कामाचं मूळ या ओट्यावरच्या प्रयोगात आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. द्रवात बुडून मोजणारं उपकरण हळूहळू त्या द्रवाचाच भाग होतं. मग त्याच्या साक्षीवर किती विसंबायचं? द्रवाला धातूचा स्पर्श होऊ न देता वाहकता मोजणारे संवेदक या प्रश्नातूनच आले. आपल्या रोजच्या भाषेत सेन्सर. आज बोलायचं ते त्यांच्याबद्दल.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्यांनी वाहकता मला पहिल्यांदा दाखवली. दाखवली असंच म्हणतो, कारण त्या काळच्या प्रयोगशाळेत ती डोळ्यांनी दिसायची. काचेची एक नळकांडी, तिच्यात समोरासमोर बसवलेले प्लॅटिनमचे दोन चिमुकले पत्रे, पत्र्यांवर काजळीसारखा काळा थर. यंत्राच्या तोंडाशी एक हिरवा डोळा लुकलुकायचा. बटण फिरवत जायचं, डोळ्याची पापणी सगळ्यात जास्त उघडली की थांबायचं आणि आकडा लिहायचा. आधी पोटॅशियम क्लोराइडच्या ठरलेल्या द्रावणात नळकांडी बुडवून खात्री करायची. लिटरला एक शतांश मोल, तापमान २५ अंश, आकडा १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. हा आकडा आमच्या पिढीच्या रसायनवाल्यांना घरच्या नंबरासारखा पाठ आहे. तो आला नाही तर सर द्रावणाला दोष देऊ द्यायचे नाहीत. आधी पत्रे बघायला लावायचे. काळ्या थरावर बोट लागलंय का, पत्रा वाकलाय का, हवेचा बुडबुडा चिकटलाय का.

त्या काळ्या थराची कथा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउशपर्यंत जाते. द्रवात दोन पत्रे सोडून बॅटरी जोडली तर विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पत्र्यांपाशी गर्दी करतात आणि प्रवाहाची वाट अडवतात. आकडा द्रवाचा राहत नाही, गर्दीचा होतो. कोलराउशनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उलटसुलट वाहणारी वीज वापरली. दिशा इतक्या झटपट बदलते की गर्दी जमायला सवडच मिळत नाही. काजळीसारख्या प्लॅटिनमच्या थरानं पत्र्याचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढलं, गर्दी पांगली. आणि समतोल साधला की नाही हे त्यानं टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ओळखलं. आवाज सगळ्यात बारीक झाला की मोजमाप जुळलं.

प्रयोगशाळेत हे सुरेख चालतं. पत्रे रोज धुतले जातात, द्रव स्वच्छ असतो, माणूस समोर उभा असतो. कारखान्यातल्या नळीत यातलं काहीच नसतं.

माझ्या उमेदीच्या काळातली एक रात्र सांगतो. एक दूधप्रकल्प होता, नाव सांगत नाही. दुधाच्या नळ्या आतून धुण्याला तिथले लोक सीआयपी म्हणतात. नळी न उघडता आधी पाणी, मग ७० ते ८० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण, मग पाणी, मग आम्ल, पुन्हा पाणी, असं आतल्या आत फिरवायचं. कॉस्टिक विजेचं फार चांगलं वाहक, साधं पाणी त्यामानानं फार कमी. म्हणून कॉस्टिक निघून गेलं की नाही हे वाहकतेवरून कळतं. आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ आला की नळी धुवून झाली.

त्या रात्री पॅनेलवर आकडा होता ४५०. तिथल्या नळाच्या पाण्याचा आकडा ४०० च्या आसपास असायचा. पॅनेलनं हिरवा दिवा दिला. पण तिथं एक जुने ऑपरेटर होते, त्यांच्या खिशात फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली कायम असायची. त्यांनी ड्रेनखाली स्टीलचा पेला धरला आणि एक थेंब टाकला. पेल्यातलं पाणी गुलाबी झालं, गडद, रंगपंचमीसारखं. कॉस्टिक अजून नळीत होतं आणि सकाळचं दूध त्याच नळीतून जायचं होतं. त्यांनी काही न बोलता पेला माझ्यापुढे धरला. तो पेला मला आजही दिसतो.

सेन्सर काढून बघितला. पत्र्यांवर नखाहून पातळ, पांढुरका थर. दुधातली प्रथिनं आणि चुना मिळून बसलेला, ज्याला डेअरीतले लोक मिल्क स्टोन म्हणतात. सौम्य आम्लाच्या बोळ्यानं पुसला, परत लावला, आकडा हजाराच्या जवळ गेला.

पत्र्यावर थर बसला की पत्र्याचा काही भाग झाकला जातो, वीज कमी वाहते, आकडा खाली येतो. चूक नेहमी खालच्याच बाजूला होते. आणि नळी धुताना खाली म्हणजे स्वच्छ. सेन्सर जितका मळलेला तितकी नळी स्वच्छ दिसणार. उपकरण बंद पडलं तर माणूस सावध होतो. हे उपकरण चालू राहून, हिरवा दिवा लावून, धोक्याच्या बाजूला चुकतं. त्या रात्रीनंतर द्रवात उघड्या पत्र्यांनी मोजण्यावरचा माझा भरवसा कमी झाला, आणि मी दुसऱ्या वाटेला लागलो.

ती दुसरी वाट मी आज सोबत आणली आहे. मागच्या रांगेतल्यांनाही दिसेल अशी उंच धरतो. मेदूवड्याएवढं, मेदूवड्यासारखंच मध्ये भोक असलेलं, पिवळसर कडक प्लास्टिकचं कडं. या प्लास्टिकला पीक म्हणतात, उकळतं कॉस्टिक त्याचं काही वाकडं करत नाही. धातू कुठेही उघडा नाही. आत, प्लास्टिकमध्ये पुरलेली, तांब्याच्या तारेची दोन कडी शेजारीशेजारी आहेत.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेनं लोखंडाच्या एका कड्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या. एकीतली वीज बदलली की दुसरीत वीज उठते, मध्ये तार जोडलेली नसतानाही, हे त्यानं दाखवलं. फॅरेडेच्या प्रयोगात कडं एक आणि गुंडाळ्या दोन. या सेन्सरमध्ये कडी दोन, आणि त्यांना जोडणारा वेढा एकच. तो वेढा पाण्याचा. पहिल्या कड्याला उलटसुलट वीज दिली की भोकातून जाणाऱ्या पाण्यात प्रवाह उठतो. तो भोकातून जातो, बाहेरून वळसा घालतो आणि परत येतो. पाणी जितकं चांगलं वाहक, तितका हा प्रवाह मोठा. दुसरं कडं तो प्रवाह ओळखतं. पाण्याला धातू लागत नाही, म्हणून आयनांची गर्दी जमायला पत्राच नाही.

ही बादली बघा. दहा लिटर पाणी आहे, इथल्याच नळाचं. सेन्सर सोडतो. आता दहा ग्रॅम मीठ टाकून ढवळतो, साधारण दोन चहाचे चमचे. आकडा जवळजवळ २,००० मायक्रोसीमेन्सनी वर चढला. आता भोकात हे रबरी बूच बसवतो. पाणी तेच, मीठ तेच, आणि आकडा शून्याकडे गेला. वेढा तुटला. बूच काढलं, आकडा परत आला. आता मूठभर साखर टाकतो. ढवळतो. आकडा वाढत नाही, उलट किंचित उतरतो. साखर विरघळली, पण तिचे आयन होत नाहीत, त्यामुळे सेन्सरला ती दिसत नाही. हा मुद्दा पुढे घरच्या पाण्याशी येणार आहे.

आता तारेचा एक तुकडा घेऊ. तिची टोकं ठरावीक ओहमच्या रोधाला जोडलेली आहेत. सेन्सर कोरडा करून तार भोकातून ओवली. बघा, पॅनेलवर आकडा आला. सेन्सरच्या दृष्टीनं ही तार म्हणजे पाणीच. कारखान्यात हा सेन्सर बरोबर आहे का हे असंच तपासतात, १४१३ च्या द्रावणाची बाटलीसुद्धा लागत नाही. सरांनी हे बघितलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता, याची मला खात्री आहे.

मग सगळीकडे हेच का लावत नाहीत? कारण यालाही मर्यादा आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. कडं नळीच्या धातूच्या भिंतीला फार जवळ बसलं तर बाहेरून वळसा घालणारा प्रवाह भिंतीशी भेटतो आणि आकडा बिघडतो. मग तिथल्या तिथे सुधारणेचा गुणक घालावा लागतो. प्लास्टिकच्या आत पुरलेला तापमापक सावकाश तापतो, सावकाश निवतो. पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्के वाढते. ७५ अंशांच्या कॉस्टिकमागे गार पाणी आलं की मिनिटभर तरी सेन्सरला पाणी अजून गरमच आहे असं वाटतं आणि आकडा चुकतो. ज्यानं हे डोळ्यांनी बघितलेलं नाही तो प्रोग्रॅममध्ये त्या मिनिटाची सोय करत नाही. आणि थर भोकातही बसतोच. फरक एवढाच की पत्र्यावर कागदाइतका थर पुरतो, इथं भोक अरुंद होईपर्यंत तो साचावा लागतो, आणि तितका साचला की डोळ्यांनाही दिसतो.

द्रवाला धातू न लावता मोजायची दुसरी एक पद्धत मला मनापासून आवडते, पण तिच्यावर थोडंच बोलतो, कारण ती अजून मोठ्या नळ्यांपेक्षा बारीक नळ्यांत जास्त रमते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळीवर बाहेरून धातूच्या दोन अंगठ्या घालायच्या, थोड्या अंतरावर. नळीची भिंत आणि अंगठी मिळून धारित्र होतं, म्हणजे कपॅसिटर. वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा उलटसुलट केली तर ती या भिंतीतूनही आत जाते, द्रवातून वाहते आणि दुसऱ्या अंगठीपाशी बाहेर येते. दोन अंगठ्यांमध्ये हवेतून आडवाटेनं जाणारी वीज अडवायला मध्ये एक पडदा लावावा लागतो, नाहीतर आकडा हवेचा येतो. १९८० साली प्रागमध्ये बोहुस्लाव गाश आणि सहकाऱ्यांनी हे वापरलं. १९९८ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोमध्ये, दोन गटांनी स्वतंत्रपणे, केसाएवढ्या बारीक नळ्यांसाठी त्याचं आज वापरतात ते रूप मांडलं. भिंत जाड झाली, नळी मोठी झाली की काम अवघड होतं, आणि नळी धातूची असेल तर संपलंच.

आता हिंजवडीकडे येतो. म्हातोबाच्या बगाडाचं हे गाव नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव गांधी इन्फोटेक पार्कचं गाव झालं, आणि बाहेरच्यांना इथं फक्त संगणक दिसतात. पण याच पार्कच्या दुसऱ्या टप्प्यात औषधांचे कारखाने आहेत. भारतात विकसित झालेल्या पहिल्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती इथल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सची. अशा औषधांच्या उत्पादनात नळ्यांची दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे वाहकता मोजतात, पण वेगवेगळ्या हातांनी.

एका टोकाला अतिशुद्ध पाणी. पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांवर ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. अमेरिकन औषधसंहितेनं १९९६ पासून अशा पाण्याच्या जुन्या रासायनिक चाचण्यांच्या जागी वाहकता आणली, आणि नळीत थेट मोजताना २५ अंशांवर १.३ ही पहिली मर्यादा ठेवली. हे पाणी बाटलीत काढून प्रयोगशाळेत नेलं तर वाटेतच हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आकडा वर जातो. म्हणून नळीतच मोजायचं. पण इतक्या कमी वाहकतेत आपल्या या कड्याला काही ऐकू येत नाही, पाण्याचा वेढा फार अशक्त असतो. तिथं पत्रेच लागतात, आणि तिथं पत्रे मळतही नाहीत, कारण मळायला त्या पाण्यात काहीच नसतं. दुसऱ्या टोकाला त्याच कारखान्याच्या टाक्या धुणारं कॉस्टिक. तिथं कडं. एकाच छपराखाली दोन्ही लागतात, आणि कुठे काय लावायचं हे कळणं हेच या कामातलं कसब आहे. किंमत बघून निवडणाऱ्याला ते साधत नाही.

आता पाण्याचा हिशेब. धुण्याचं पाणी किती वेळ सोडायचं हे बऱ्याच ठिकाणी अजून घड्याळावर ठरतं. कुणीतरी कधीतरी बारा मिनिटं ठरवली, मग भीतीपोटी पंधरा केली. ५० मिलिमीटरची नळी घ्या. धुताना पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं नेतात. हे मिनिटाला सुमारे १७५ लिटर होतं. भीतीची तीन मिनिटं म्हणजे पाचशेवर लिटर. दिवसात अशी वीस धुणी झाली तर दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. या रस्त्यावर उन्हाळ्यात टँकरच्या रांगा तुम्ही रोज बघता. त्यातल्या एका टँकरचं पाणी एका नळीतून, ती आधीच स्वच्छ झाल्यावर, ड्रेनमध्ये जातं. सेन्सरवर विश्वास नाही म्हणून घड्याळ वाढवतात. सेन्सर विश्वासाचा असेल तर पाण्यालाच विचारता येतं की तू स्वच्छ झालंस का. या एका कारणासाठी मी या कड्याचा इतका आग्रह धरतो. कॉस्टिकचंही तसंच. ते किती उरलंय हे नीट कळलं तर परत टाकीत घेता येतं, नाहीतर तेही ड्रेनमध्ये, आणि पुढे सांडपाणी प्रक्रियेवर त्याचा भार.

दुधाच्या बाबतीत यात एक आणखी गोष्ट आहे. पाळीच्या शेवटी नळीत उरलेलं दूध पाण्यानं ढकलतात. दुधाची वाहकता साधारण ४,००० ते ५,५०० मायक्रोसीमेन्स, पाण्याची काहीशे. दूध कुठे संपलं आणि धुवण कुठे सुरू झालं हे कड्याला लगेच कळतं आणि व्हॉल्व्ह फिरतो. घड्याळावर सोडलं तर एकतर दूध गटारात जातं, नाहीतर पाणी दुधात.

शेवटी घरच्या पाण्याबद्दल, कारण सोसायट्यांमधली बरीच मंडळी आज आली आहेत. तुमच्याकडचा खिशातला टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७ मधल्या एका आकड्यानं गुणतो. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून शेजारच्या दोन घरांत एकाच टँकरचे दोन टीडीएस निघतात आणि वॉचमनशी भांडण होतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत क्षार चालतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. पण मघाशी साखरेचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. जे आयन होत नाही ते वाहकतेला दिसत नाही. कावीळ देणारे विषाणू, सांडपाण्यातले जंतू, फवारणीची औषधं यांतलं काहीही तो मीटर दाखवणार नाही. २५० टीडीएसचं पाणी सुंदर दिसतं, त्यात मैला मिसळलेला असू शकतो. टँकर आला की मीटर बुडवा, पण क्लोरीनची पट्टीही बुडवा, आणि महिन्यातून एकदा नमुना जंतूंसाठी तपासायला पाठवा. हे मी हात जोडून सांगतो.

वाहकता किती हे सांगते, कोण हे सांगत नाही. मीठ घातलं, सोडा घातला, शेतातलं खत उतरलं, आकडा सारखाच चढतो. कारखान्यात आपल्याला नळीत काय आहे ते आधीच माहीत असतं, म्हणून तिथं तो इतका उपयोगी. टँकरमध्ये काय आहे ते माहीत नसतं.

ज्यांनी घरून पाण्याच्या बाटल्या आणल्या आहेत, त्यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावं. दोन सेन्सर मांडले आहेत, एक पत्र्यांचा आणि एक हे कडं. प्रत्येक पाणी दोन्हींत मोजू आणि आकडे शेजारीशेजारी लिहू. आधी थर्मामीटर घालून तापमान लिहा. ते लिहिल्याशिवाय सर वहीवर सही करत नसत.